जोरात, हळू, जोरात: माझ्या साखरेची वही

मी रोज चालत होते, हे आधीच सांगते. कारण डायबिटीसचं नाव काढलं की समोरचा माणूस पहिलं वाक्य बोलतो ते हेच, "चालायला जात जा." सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, किल्ल्याच्या बाजूने आम्हा तिघी-चौघींचा घोळका सकाळी निघायचा. पाऊण तास सहज. ताटातला भात कमी केलेला, दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा डोसही वाढवून झालेला. तरी माझी एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ७.८ वर येऊन जी बसली ती हलायला तयार नव्हती. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट आणायचा आणि आकडा बघून घडी घालून पर्समध्ये टाकायचा.

त्यात मी अंगाने बारीक. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, तिथल्या बायका म्हणायच्या, "अक्का, तुम्हाला कशी काय शुगर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण. मला हे माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी जरा बरंच वाटलं. निदान "गोड फार खात असणार" हा आरोप तरी टळला.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "ताई, किती चालता ते राहू दे. कसं चालता ते सांगा. चालताना बोलता येतं का?"

"येतं की."

"आणि गाणं म्हणता येतं?"

आम्ही तर अभंग म्हणतच चालायचो, टाळ्या वाजवत. ते हसले. म्हणाले, चालताना गाता येत असेल तर तो व्यायाम हलका. बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो जोराचा. या मापाने माझं सगळं चालणं हलक्यात मोडत होतं. पायांनी वर्षं काढली होती, छातीला आणि मांड्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पण लगेच "उद्यापासून पळा" असं त्यांनी सांगितलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. पन्नाशी ओलांडलेली बाई, काही वर्षांचा डायबिटीस, वर बी.पी. त्यामुळे आधी तपासण्या झाल्या. डोळ्यांत थेंब घालून पडदा बघितला. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर दम कोंडून जोर लावला, जड उचललं, की आत रक्तस्राव होऊ शकतो. पायाच्या तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टोचून "कळतंय का?" विचारलं. आणि मग टीएमटी, म्हणजे चालताना हृदयाची तपासणी. पट्ट्यावर चालायचं, छातीला तारा. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग पण वाढवतो आणि चढ पण. पहिली तीन मिनिटं मजेत गेली, दुसरी बरी, तिसरी सुरू झाल्यावर माझं बोलणं बंद झालं. "हे बघा, याला म्हणतात जोर," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा मला मध्यम आणि जोराचा यातला फरक अंगाने कळला.

नाडीचं गणितही सगळे सांगतात, २२० वजा वय, आणि त्याच्या अमुक टक्के. माझ्यासाठी ते कामाचं नव्हतं. माझी बी.पी.ची गोळी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडीला वर चढू न देणारी. भाच्याने हौसेने घड्याळ दिलं होतं, ते मी दम लागून वाकले तरी "हलका व्यायाम" दाखवायचं. म्हणून डॉक्टरांनी शून्य ते दहाची पट्टी दिली. शून्य म्हणजे खुर्चीत बसणं, दहा म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही. पाच-सहा मध्यम, सात-आठ जोराचं. स्वतःच ठरवायचं. हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या मला हे आधी अगदीच मोघम वाटलं, पण आठवडाभरात ते घड्याळापेक्षा चोख निघालं.

ठरलं ते असं: तीन मिनिटं जोरात चालायचं, तीन मिनिटं हळू, परत जोरात. अशा पाच जोड्या, मिळून अर्धा तास. ही पद्धत जपानची, मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात वयस्कर लोकांसाठी बसवलेली. पुढे डेन्मार्कमध्ये टाइप टू डायबिटीसच्या रुग्णांवर ती तपासली, २०१३ साली तो अभ्यास छापून आला. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, एकेक तास. एका गटाने एकाच लयीत चालायचं, दुसऱ्याने तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू. दोन्ही गटांनी खर्च केलेली शक्ती जवळपास सारखीच राहील अशी काळजी घेतली होती. दम आणि साखर सुधारली ती दुसऱ्या गटाची. एका लयीत चालणाऱ्यांची फारशी नाही. म्हणजे घाम गाळलेला सारखाच, पण तो कसा गाळला यावर निकाल फिरला. हे वाचून मला आमचा घोळका आठवला.

घोळका मात्र सुटला, त्याचं वाईट वाटतं. बोलत बोलत जोरात चालता येत नाही, हीच तर त्याची व्याख्या. शिवाय सकाळी तलावाकाठी इतकी गर्दी की जोरात जायला वाट मिळत नाही. मी सात रस्त्याहून विजापूर रोडने कंबर तलावाच्या दिशेला जायला लागले. (पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव आहे, रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं.) साडी गेली, पंजाबी ड्रेस आणि बूट आले. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांची घंटी लावली. चहाच्या गाडीवाला रोज विचारायचा, "काय अक्का, कुठं पळलालाव?" जोराच्या टप्प्यात उत्तर देता येत नव्हतं, हळूचा टप्पा येईपर्यंत गाडी मागे पडलेली असायची. तो मला शिष्ट समजत असणार.

सुरुवातीला तीनऐवजी एकच मिनिट जोर निघायचा. पोटऱ्या भरून यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिनिटं हळूहळू वाढवा, छातीत दुखलं, हात-जबडा भरून आला, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि मला कळवा. तसं काही झालं नाही. महिन्याभराने तीन मिनिटं सरळ निघायला लागली.

आणि मग वहीत एक विचित्र नोंद पडली. निघण्याआधी साखर १४८. अर्धा तास जोरात-हळू करून, घामाने निथळत घरी आल्यावर १७१. मी हात धुऊन दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं. १६९. नवरा म्हणाला, "एवढं पळून वाढवून आलीस?" सासूबाईंनी तर निकालच दिला, की बाईच्या जातीला असलं पळणं मानवत नाही.

डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वाढणारच. जोर लावला की शरीराला वाटतं संकट आलंय. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ग्लुकागॉन वाढतं, या संप्रेरकांमुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. स्नायू ती ओढतात, पण यकृत त्यांच्यापेक्षा वेगाने सोडतं. त्यात सकाळची वेळ, पहाटे यकृत तसंही मोकळ्या हाताने साखर सोडत असतं. तासा-दोन तासांनी मोजा. आणि खरं तर उद्या सकाळी मोजा."

उद्या सकाळी, म्हणजे आजच्या कष्टाचा हिशेब उद्याच्या पानावर. हे मला जमत नव्हतं, म्हणून त्यांनी दंडाच्या मागच्या बाजूला सेन्सर लावून दिला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, चौदा दिवस चालतो, फोन जवळ नेला की आकडा आणि रेघ दिसते. तो थेट रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. चटकन चढउतार होत असताना बोटाचा आकडा आणि त्याचा आकडा जुळत नाहीत. महाग आहे. सतत लावावा असं मी कुणाला सांगणार नाही, पण एकदा, मनात प्रश्न ठरवून, लावण्यासारखा नक्की आहे. त्या रेघेने मला जे शिकवलं ते कित्येक रिपोर्टांनी शिकवलं नव्हतं.

जोराच्या चालण्यानंतर रेघ आधी टेकडीसारखी वर गेली, मग तासाभरात निघताना होती त्याच्याही खाली आली. आणि त्या दिवशी दुपारच्या भाकरीनंतरची चढण बुटकी राहिली. रात्रभर रेघ सपाट, दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी १२०च्या आसपास. घोळक्याच्या जुन्या चालीने चाललेल्या दिवशी मात्र रेघ चालताना थोडी खाली यायची, मूळपदावर जायची, आणि दुसऱ्या दिवसावर तिची खूण नसायची.

कारण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. ग्लूट-फोर नावाची वाहक प्रथिनं एरवी पेशीच्या आत पडून असतात, ती आकुंचनानेच पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. इन्सुलिनला न जुमानणाऱ्या माझ्यासारखीच्या शरीरातही ही वाट शाबूत असते. हे हलक्या चालण्यातही होतं. पण हलक्या चालीत स्नायूतले ठरावीकच, दमदार पण संथ तंतू काम करतात. जोर लावला की बाकीचे जलद तंतूही कामाला लागतात आणि त्यांच्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा खर्च होतो. आमच्या कारखान्यात गोदाम टॉवेलच्या गाठींनी भरलेलं असलं की नवा माल दारात पडून राहतो, उचल झाली की लगेच आत जातो, तसंच हे. रिकामा झालेला स्नायू पुढचा दिवस-दीड दिवस, कधी आणखी थोडा काळ, रक्तातली साखर ओढून घेत राहतो आणि इन्सुलिनचंही जास्त ऐकतो.

म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असा नियम आहे. आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० मिनिटं, किंवा जोराची ७५, हे तर छापील पत्रकांतही असतं. पण खाड्याची ही अट कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. पाहुण्यांच्या लग्नात तीन-चार दिवस गेले की माझी उपाशीपोटीची साखर परत १४०कडे जाते, मग लग्नात मी बुंदीला हात लावलेला असो वा नसो.

याचा अर्थ हळू चालणं टाकाऊ, असा मी काढला होता. सेन्सरने तोही खोडला. एका रात्री जेवणानंतर सासूबाईंबरोबर अंगणात शतपावली घातली, दहा-पंधरा मिनिटं, त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने. रोज १९०-२०० पर्यंत जाणारी रेघ १६०च्या आत थांबली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बसून राहिले, परत १९०च्या पुढे. तिसऱ्या दिवशी चालले, परत खाली. जेवणाची साखर रक्तात उतरत असताना स्नायू नुसते हलते असले तरी पुरतं. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाचा २०१६चा अभ्यास हेच सांगतो. दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढ्या लांब जाऊन विचारायची काय गरज होती.

तर माझ्या मते ही दोन वेगळी कामं आहेत. जेवणाची चढण बुटकी करायला वेग लागत नाही, वेळ साधावी लागते. सकाळचा आकडा आणि ए-वन-सी हलवायला मात्र दम लागेल असं काहीतरी आठवड्यात तीन-चारदा हवं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, निदान माझ्या अंगात तरी झालं नाही.

तिसरं काम वजन उचलायचं. तेही डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा सांगितलं होतं. सोलापुरात त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही, नळाला पाणी येणारा दिवस पुरतो. आमच्याकडे काही दिवसांआड पाणी येतं आणि आलं की घागरी, कॅन, बादल्या वरच्या मजल्यावर न्यायच्या असतात. सेन्सर लावलेला असताना पाण्याचा दिवस आला. जिना चढताना रेघ वर, मग दिवसभर सुरेख खाली. पण पाणी काही वेळापत्रक बघून येत नाही, आणि घाईत कंबर धरते. म्हणून बाकी दिवशी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेले दोन कॅन खांद्यापर्यंत. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा.

संक्रांतीत आणखी एक गोष्ट दिसली. गड्ड्याच्या यात्रेत पहिल्या दिवशी सिद्धेश्वरांचे सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, शहरातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात. आमच्याकडचे काहीजण बाराबंदी घालून मिरवणुकीत असतात, आम्ही बायका जमेल तेवढं बरोबर चालतो. थांबत, दर्शन घेत, पण दिवसभर. त्यात तीन मिनिटांचा जोर कुठेही नव्हता. तरी दुसऱ्या सकाळी साखर १०८. म्हणजे लांबवर हळू चाललं तरी गोदाम रिकामं होतंच, वेळ तेवढा द्यावा लागतो. तो रोज कुणाकडे असतो? जोराचा फायदा मला तरी हाच दिसतो, अर्ध्या तासात काम होतं. आणि हो, मी चपला घालून गेले. बाकीच्या अनवाणी होत्या आणि मला बोलल्याही. तळव्याला खडा टोचलेला कळत नसेल अशा डायबिटीसच्या माणसाने अनवाणी जाऊ नये. सिद्धरामेश्वर समजून घेतील.

कारखान्यात माझी वही बघून माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरनेही जोरात-हळू सुरू केलं. त्यांना माझ्यासारखी नुसती मेटफॉर्मिन नव्हती, ग्लिमेपिराइडही होती, आणि ती गोळी रक्तात साखर कितीही असली तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पहिल्याच आठवड्यात दुपारी मागाजवळ हात थरथरायला लागले, दरदरून घाम. ग्लुकोमीटर माझ्या टेबलात होता, आकडा ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८४. मग थोडी भाकरी. त्यांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली, तेव्हापासून त्रास नाही. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर अशी पडण्याचा धोका फार कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर व्यायामाचा जोर वाढवण्याआधी डोसबद्दल विचारायलाच हवं, आणि खिशात साखर हवी. उलट बाजूही आहे. साखर २५०च्या वर असून अंगात बरं नसेल, उलटी-मळमळ असेल, तर त्या दिवशी जोर लावायचा नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की सगळं बिघडतं. साडेपाचला निघाले तरच जमतं. सातला रस्ताच तापायला लागतो, आणि अंगातलं पाणी आटलं की साखरही वर सरकते. भर उन्हाळ्यात मी रस्ता सोडते आणि ऑफिसच्या इमारतीचा जिना धरते. दोन मजले जोरात वर, हळू खाली. इथे सात-आठाचा दम पाऊण मिनिटातच लागतो.

चार महिन्यांनी ए-वन-सी ७.२ आली आणि त्यापुढच्या खेपेला ६.९. वजन जेमतेम दोन किलोने उतरलं, पण सलवारीची नाडी चांगली आत आली. एक गंमत मात्र होते. पूर्वी ज्या वेगाला सातचा दम लागायचा, त्याला आता पाचच लागतो. चहाच्या गाडीवाल्याला मी जोराच्या टप्प्यातही उत्तर देऊ लागले, तेव्हाच ओळखलं की वेग वाढवायची वेळ आली. आता विजापूर रोडवर मधेमधे थोडं पळते, गुडघे कुरकुरले तर चढाच्या गल्लीत शिरते. दहा हजार पावलं मोजायचं मी सोडून दिलंय. घोळक्यातली एक मैत्रीण बरोबर यायला लागलीये, पण तिची टीएमटी अजून व्हायचीय, तोवर तिला मध्यमच्या पुढे नेत नाही. माझा पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर तेव्हा बघणार आहेत.